बॅटरीची किंमत युनिटांत मांडताना

बाबांच्या खोलीतला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर रात्रभर चालतो. वीज गेली आणि मागे आधार नसला, तर त्याचा गजर वाजू लागतो. हा गजर मी तीन वर्षे ऐकला नव्हता, कारण घरात इन्व्हर्टर होता आणि त्याला जोडलेली १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी होती. एका रात्री वीज गेली आणि अवघ्या चाळीस मिनिटांत गजर सुरू झाला. डॉक्टरांच्या सांगण्यावरून घरात ऑक्सिजनचा सिलिंडर कायम भरलेला असतो, त्यामुळे बाबांना त्रास झाला नाही. पण अंधारात टॉर्च तोंडात धरून सिलिंडरचा नॉब फिरवताना माझे हात थरथरत होते. ज्या बॅटरीच्या भरवशावर मी इतके दिवस निर्धास्त झोपत होते, तिच्याविषयी मला काहीच माहीत नाही, हे मला त्या रात्री कळले.

सकाळी इलेक्ट्रिशियन हायड्रोमीटर घेऊन आले. त्यांनी बॅटरीच्या सहाही घरांची झाकणे उघडली आणि एकेका घरातले द्रव काचेच्या नळीत ओढून मला दाखवले. आतला तरंगक पाच घरांमध्ये १.२२०च्या आसपास राहिला. चौथ्या घरात मात्र तो खाली बसला आणि आकडा ११३०च्या रेघेवर, म्हणजे १.१३०वर आला. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीतल्या आम्लाची सापेक्ष घनता साधारण १.२५०च्या वर असते आणि १.१२०च्या जवळ ती रिकामी मानली जाते. सहा घरे एका माळेत जोडलेली असल्यामुळे एक घर बसले की सगळी बॅटरी बसते. पुन्हापुन्हा खोलवर रिकामी होणे, मग पूर्ण चार्ज न होता तशीच पडून राहणे आणि त्यामुळे प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक धरणे, हे कारण त्यांनी सांगितले. डिस्टिल्ड वॉटर घालायला मी दोनदा उशीर केला होता, तेही त्यात होतेच.

मी आयुष्यभर हिशेब तपासण्याचे काम केले आहे. तरीही बॅटरी घेताना मी एक चुकीचा भागाकार केला होता, तो इथे नोंदवते, कारण तो अनेकांकडून होतो. कॉन्सन्ट्रेटरला सुमारे ३४० वॅट लागतात. इन्व्हर्टरमधली घट धरली तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून ३३ ते ३४ अँपिअर ओढले जातात. १५० भागिले ३४ म्हणजे साडेचार तास मिळतील, असे मी धरले होते. पण लेबलवरचे १५० अँपिअर-तास हे वीस तासांत सावकाश, म्हणजे साडेसात अँपिअरने बॅटरी रिकामी केली तर मिळणारे असतात. शिशाची बॅटरी जितक्या घाईने रिकामी करावी तितकी ती कमी देते. त्या भाराखाली ती नवी असतानाही तीन तासांच्या आसपासच पुरत होती. लेबल खोटे नव्हते. ते कोणत्या अटीवर खरे आहे, हे मी विचारले नव्हते.

नव्या बॅटरीसाठी मी तीन ठिकाणांहून कोटेशने मागवली. छतावर सौर पॅनेल आधीपासून होतीच, त्यामुळे दिवसाची जादा वीज साठवून रात्री वापरावी आणि वीज गेल्यावर कॉन्सन्ट्रेटरही चालावा, अशा दोन्ही अपेक्षा मी सांगितल्या. उत्तरादाखल आलेल्या कागदांवर किमती, किलोवॅट-तास, सायकल (म्हणजे बॅटरी एकदा भरून रिकामी होण्याची फेरी) आणि वर्षे असे चार प्रकारचे आकडे होते, आणि कोणत्याही दोन कागदांवरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येण्याजोगे नव्हते. एकाने लिथियमची बॅटरी सहा हजार सायकल चालते असे लिहिले होते, दुसऱ्याने दहा वर्षांची वॉरंटी ठळक छापली होती, तर तिसऱ्याने शिशाच्या चार बॅटऱ्या अर्ध्याहून कमी पैशांत देऊ केल्या होत्या.

कोणताही कागद ताडून पाहण्याआधी घराची गरज मोजली पाहिजे, हे मला उमगले. एक साधा प्लगमध्ये बसणारा वीजमापक आणून मी महिनाभर प्रत्येक उपकरण मोजले. वीजबिलावरून घराचा रोजचा वापर ११ युनिटांच्या आसपास दिसत होता. (युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, बॅटरीच्या कागदावरचा किलोवॅट-तासही तोच.) सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत त्यातली पाच युनिटे लागत होती. त्यांत कॉन्सन्ट्रेटरची २.७, फ्रिजची रात्रीची सुमारे ०.६, आणि उरलेली पंखे, दिवे, राउटर व स्वयंपाकघरातल्या किरकोळ वापराची होती. ही पाच युनिटे हाती आल्यावर पुढचा प्रत्येक प्रश्न सोपा झाला, कारण बॅटरी कितीही मोठी असली तरी रात्री पाचपेक्षा जास्त युनिटे तिच्याकडून मी मागणारच नव्हते.

त्यानंतर मी किंमत पैशांत पाहणे थांबवले आणि ती युनिटांत मांडली. बॅटरीसाठी जी रक्कम द्यायची, तेवढ्या रकमेत आजच्या दराने वीज कंपनीकडून किती युनिटे विकत आली असती, एवढाच भागाकार केला. एका ५.१२ किलोवॅट-तासांच्या लिथियम पॅकची किंमत ८,००० युनिटांइतकी झाली आणि हायब्रिड इन्व्हर्टर (सौर पॅनेल, बॅटरी आणि वीज कंपनीची वीज तिन्ही एकत्र सांभाळणारा), वायरिंग व मजुरी मिळून ३,००० युनिटे. म्हणजे एका पॅकची व्यवस्था ११,००० युनिटांना आणि दोन पॅकची १९,००० युनिटांना पडत होती. आता प्रश्न इतकाच उरला की ही बॅटरी तिच्या आयुष्यात मला किती युनिटे परत देईल. घेतलेल्यापेक्षा जास्त दिली तर तिची वीज वीज कंपनीपेक्षा स्वस्त, कमी दिली तर महाग. हे परिमाण हाती आल्यावर तिन्ही कोटेशने पहिल्यांदा एका रांगेत उभी राहिली.

शिशाचा पर्याय आधी तपासला. १५० अँपिअर-तासांच्या चार बॅटऱ्या म्हणजे कागदावर ७.२ युनिटे. पण आयुष्य टिकवायचे तर रोज निम्म्यापेक्षा जास्त रिकाम्या करू नयेत, म्हणजे ३.६; आणि इन्व्हर्टरमधून बाहेर येईपर्यंत त्यातली ३.१ हाती लागणार. वर्षाला अशा तीनशे रात्री आणि चार वर्षांचे आयुष्य धरले, शेवटी शेवटी क्षमता घटते तेही धरले, तर त्या सुमारे ३,३०० युनिटे देणार होत्या. नुसत्या बॅटऱ्यांची किंमत होती ५,००० युनिटे. म्हणजे परत मिळणारे प्रत्येक युनिट दीडपट दराने. ज्यांच्याकडे वीज क्वचित जाते आणि बॅटरी वर्षाचे बहुतेक दिवस नुसती भरून ठेवायची असते, त्यांना शिशाची बॅटरी आजही योग्य ठरू शकते आणि जुनी परत दिल्यावर शिशाचे पैसेही मिळतात. रोज रात्री राबवायची असेल तर मात्र कमी किमतीचा कागद सर्वांत महाग निघतो.

लिथियमच्या कागदावरचे सहा हजार सायकल मला सुरुवातीला फार मोठा दिलासा वाटले होते. रोज एक सायकल धरली तर सोळा वर्षांहून अधिक, आणि माझ्या तीनशे रात्रींच्या हिशेबाने वीस वर्षे. पण मी तपशीलपत्रक मागवले, तेव्हा त्या आकड्याच्या खाली बारीक अक्षरांत अटी सापडल्या: तापमान २५ अंश सेल्सिअस, दोन तासांत भरणे, दोन तासांत रिकामे करणे. मी गुणाकार केला. चार तासांची एक फेरी, अशा सहा हजार फेऱ्या म्हणजे २४,००० तास, म्हणजे पावणेतीन वर्षे. प्रयोगशाळेतली ही बॅटरी सहा हजार सायकल पूर्ण करते तेव्हा ती जेमतेम तीन वर्षांची असते. माझ्या घरातली बॅटरी तितक्याच सायकली पूर्ण करायला वीस वर्षे घेईल आणि त्या वीस वर्षांत ती न वापरताही म्हातारी होत राहील.

बॅटरीला वयोमानाने येणारे हे म्हातारपण मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. लिथियम सेलच्या ग्रॅफाइटच्या इलेक्ट्रोडवर एक पातळ थर पहिल्याच चार्जला तयार होतो. तो संरक्षण करतो, पण वर्षानुवर्षे हळूहळू जाडही होत जातो आणि वापरात यायचे लिथियम स्वतःमध्ये अडकवून ठेवतो. उष्णता असेल आणि सेल कायम पूर्ण भरलेला असेल, तर हा थर अधिक वेगाने वाढतो. मला वाटत होते की बॅटरी सतत शंभर टक्के भरून ठेवणे हीच तिची काळजी. शिशाच्या बॅटरीच्या बाबतीत ते खरे आहे. ती अर्धवट ठेवली की बिघडते. लिथियमचे नेमके उलटे, तिला मधल्या पातळीवर राहणे मानवते. शिशाची बॅटरी गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ साली बनवली, त्यामुळे तिचे म्हातारपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले आहे. घरगुती साठ्यासाठी आज सर्रास वापरले जाणारे लिथियम आयर्न फॉस्फेट हे रसायन जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९७ साली मांडले, आणि घरोघरच्या भिंतींवर ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले. म्हणून मी आयुष्य सोळा किंवा वीस धरले नाही. दहा वर्षांच्या वॉरंटीत दोन वर्षे मिळवून बारा धरले. हिशेब चुकायचाच असेल, तर तो मला सुखावणाऱ्या बाजूला चुकू नये, एवढी दक्षता मी घेतली.

सायकल मोजणे केव्हा थांबवले, हेही विचारावे लागते. दोन पत्रकांवर सहा हजार हाच आकडा होता. एकात तो मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतचा होता, दुसऱ्यात ६० टक्क्यांपर्यंतचा. या दोन बॅटऱ्यांत मोठे अंतर आहे, आणि ते किमतीत दिसत नव्हते. वॉरंटीतही तसेच. 'दहा वर्षे' या दोन शब्दांपुढे 'किंवा एकूण इतकी ऊर्जा, यांपैकी जे आधी घडेल ते' असे कलम होते, आणि दहा वर्षांच्या शेवटी ७० टक्के क्षमता उरेल इतकीच हमी होती. एका पॅकला पंधरा हजार युनिटांची मर्यादा होती. एकच पॅक रोज पूर्ण राबवला तर दहा वर्षांत सुमारे चौदा हजार युनिटे त्यातून निघतील, म्हणजे मर्यादेच्या अगदी कडेला. दोन पॅकमध्ये तेच काम वाटले तर मर्यादा गाठण्याचा प्रश्नच येत नाही. सभोवतालचे तापमान अमुक अंशांच्या वर राहिले तर हमी लागू नाही, असेही एक वाक्य होते. ते वाचून मी बॅटरीची जागा तपासायला उठले.

मी कोठीची खोली ठरवली होती. तिथे आठवडाभर तापमापक ठेवला, तर दुपारनंतर तो ३८ अंशांवर जात होता, कारण तिची भिंत मावळतीचे ऊन खाते. जिन्याखाली ३१च्या वर आकडा गेला नाही, म्हणून मला ती जागा आवडली. बसवायला येणाऱ्या तंत्रज्ञांनी ती एका वाक्यात नाकारली: आग लागली तर घरातली माणसे याच वाटेने बाहेर पडणार आहेत. आयर्न फॉस्फेटमध्ये फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचा बंध घट्ट असल्यामुळे तापल्यावर ते सहजी ऑक्सिजन सोडत नाही, म्हणून ते लिथियमच्या इतर प्रकारांपेक्षा सुरक्षित मानले जाते. तरी बॅटरी झोपण्याच्या खोलीत किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर असू नये. आमच्याकडे तर ऑक्सिजनचा सिलिंडरही आहे. अखेर बाबांच्या खोलीपासून दूर, दिवसभर सावलीत राहणारी बाहेरची भिंत निवडली आणि वर पत्र्याचे छप्पर घेतले. त्या छपराची किंमत मी बॅटरीच्या किमतीत धरली, कारण ती बॅटरीच्या आयुष्यासाठीच होती.

यानंतर मुख्य हिशेब. एक पॅक रोज ९० टक्के रिकामा केला तर आतून ४.६ युनिटे निघतात आणि घराला सुमारे ४.३ मिळतात. ढगाळ दिवस वगळून वर्षाच्या तीनशे रात्री, बारा वर्षे, आणि क्षमता घटत जाते म्हणून सरासरी ८५ टक्के: एकूण सुमारे १३,१०० युनिटे. किंमत ११,००० युनिटे. म्हणजे एका युनिटाची किंमत ०.८४ युनिट. दोन पॅक घेतले तर क्षमता दुप्पट होते, पण माझी रात्र पाच युनिटांचीच राहते, म्हणून बारा वर्षांत १८,००० युनिटे, किंमत १९,०००, आणि दर १.०६. न वापरलेल्या क्षमतेचेही पैसे मोजावे लागतात आणि ती न वापरताही जुनी होते, हे इथे उघड दिसते. नुसता वापराचा हिशेब पाहिला तर रोज पहाटे रिकामी होणारी लहान बॅटरीच फायद्याची ठरते.

पण रोज पहाटे रिकामी होणारी बॅटरी मला नको होती. वीज पहाटे चारला गेली तर तिच्यात काय उरले असेल, हा माझा मूळ प्रश्न होता. हायब्रिड इन्व्हर्टरमध्ये राखीव साठा ठरवता येतो. मी एका पॅकमध्ये ३० टक्के राखीव धरून पाहिला. तेवढ्यात कॉन्सन्ट्रेटर चार तास चालतो. पण मग रोज वापरायला दोन तृतीयांशच उरते, बारा वर्षांची युनिटे ८,७०० होतात आणि दर ०.८४ वरून १.२६ वर जातो. दोन पॅकमध्ये मात्र राखीव वेगळा ठेवावाच लागत नाही. घराला देता येण्याजोग्या ८.६ युनिटांपैकी रात्रीची पाच गेली तरी पहाटे ३.६ शिल्लक राहतात, म्हणजे कॉन्सन्ट्रेटरचे दहा तास. बॅटरी म्हातारी होऊन ७० टक्क्यांवर आली की ही शिल्लक एका युनिटावर, म्हणजे तीन तासांवर येईल. रोजचे काम तेव्हाही पूर्ण होईल. झीज आधी राखीव साठ्याला लागेल. हे मी वहीत लाल शाईने लिहून ठेवले आहे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला सगळे व्यवस्थित चालले आहे असेच दिसत राहणार आहे.

आणखी एक खर्च मी आधी विसरले होते. बॅटरीत भरलेले युनिट फुकटचे नसते. तेच युनिट मी वीज कंपनीला दिले असते तर मला त्याचा मोबदला मिळाला असता, आमच्या बाबतीत खरेदीदराच्या एक तृतीयांश. शिवाय भरताना आणि काढताना मिळून सुमारे बारा टक्के वीज उष्णतेत जाते, त्यामुळे एक युनिट परत मिळवायला १.१४ युनिटे घालावी लागतात. या गमावलेल्या मोबदल्याचे ०.३८ प्रत्येक युनिटावर चढले आणि ०.८४चे १.२२, १.०६चे १.४४ झाले. म्हणजे एकही पर्याय वीज कंपनीपेक्षा स्वस्त पडत नव्हता. जिथे वीज दिली तितकीच परत घेता येते, तिथे तर बॅटरी पैशांच्या दृष्टीने निव्वळ तोट्याची आहे. जिथे दिलेल्या विजेचे काहीच मिळत नाही किंवा रात्रीचा दर दिवसापेक्षा पुष्कळ जास्त आहे, तिथे ती खरोखर पैसे वाचवते. बॅटरीची कमाई खरेदीदर आणि विक्रीदर यांच्यातल्या अंतरातून होते. ते अंतर न विचारता 'इतक्या वर्षांत पैसे वसूल' असे जो सांगतो, त्याच्या आकड्याला मी महत्त्व देत नाही.

इन्व्हर्टर निवडताना एका ओळीने माझे बरेच नुकसान टाळले. काहीही भार नसताना इन्व्हर्टर स्वतः किती वीज खातो, हा आकडा पत्रकाच्या शेवटच्या पानावर होता: एकाचा ५५ वॅट, दुसऱ्याचा २५. तीस वॅटचा फरक वर्षभर, दिवसरात्र म्हणजे सुमारे २६३ युनिटे आणि बारा वर्षांत तीन हजारांहून अधिक. दोन इन्व्हर्टरांच्या किमतीत फरक होता फक्त ६०० युनिटांचा. मी महागातला घेतला, आणि वर धरलेल्या ३,००० मध्ये तोच धरला आहे.

भाचा म्हणत होता, "मावशी, अजून दोन वर्षं थांब, किमती उतरतायत." त्याचे म्हणणे निराधार नव्हते; २०१० ते २०२४ या काळात लिथियमच्या पॅकची किंमत जगभरात सुमारे नऊ दशांशांनी उतरली. पण वायरिंग, मजुरी, छप्पर आणि इन्व्हर्टर त्या प्रमाणात उतरत नाहीत, आणि जी दोन वर्षे थांबायचे त्या दोन वर्षांच्या रात्री बाबांना काढायच्या होत्या. एक पॅक आता आणि एक नंतर, हाही मार्ग मी विचारात घेतला. जुन्या आणि नव्या पॅकचा अंतर्गत रोध सारखा नसल्यामुळे समांतर जोडल्यावर भार समान वाटला जात नाही, आणि नंतर पॅक जोडण्याला उत्पादकाने घातलेली मुदत लहान होती, म्हणून तो सोडला.

शेवटी मी सगळा तोटा एका ओळीत आणला. दोन पॅकच्या व्यवस्थेत वीज कंपनीच्या दरापेक्षा जादा पडणारे ०.४४, गुणिले १८,०००, आणि त्यात इन्व्हर्टरने स्वतः खाल्लेली वीज. ते सारे महिन्यांत वाटले तर महिन्याला सुमारे ७३ युनिटे, म्हणजे आमच्या घराचा साडेसहा दिवसांचा वापर. एकच पॅक राखीव ठेवून घेतला असता तर हाच तोटा महिन्याला ५७ युनिटांचा होता. सोळा युनिटांच्या फरकात चार तासांचे दहा तास होत होते. मी दोन पॅक घेतले. बॅटरी पैसे वाचवेल असे मी घरात कोणालाही सांगितले नाही. महिन्याला साडेसहा दिवसांची वीज देऊन बाबांची रात्र सुरक्षित करते आहे, असे सांगितले, आणि तो आकडा ऐकून बाबांनीच होकार दिला. सिलिंडर मात्र भरलेलाच ठेवला आहे. यंत्र कोणतेही असो, श्वासासाठी एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवू नये, असे डॉक्टरांनी बजावले आहे आणि ते मला पूर्ण पटते.

बसवून आता चौदा महिने झाले. एकदाच मी घाबरले. सलग अकरा दिवस ढगाळ गेले, बॅटरी एकदाही पूर्ण भरली नाही, आणि एका रात्री माझ्यादेखत पडद्यावरचा ३८ टक्क्यांचा आकडा एकदम २४ झाला. सेल खराब झाला, अशी माझी खात्रीच झाली. तसे नव्हते. आयर्न फॉस्फेटचा व्होल्टेज बॅटरी भरलेली असो वा निम्मी, जवळजवळ सारखाच राहतो, म्हणून आतली नियंत्रणप्रणाली व्होल्टेजवरून पातळी ओळखू शकत नाही. आत गेलेला आणि बाहेर आलेला विद्युतप्रवाह मोजून अंदाज बांधते. या मोजणीतली लहानसहान चूक साचत जाते आणि बॅटरी पूर्ण भरली की पुन्हा शून्य होते. तेव्हापासून मी दर पंधरवड्याला एकदा, ढगाळ हवेत वीज कंपनीच्या विजेवर का होईना, ती शंभर टक्के भरून घेते. तेवढ्याने सेलही एकमेकांच्या बरोबरीला येतात.

वर्ष पूर्ण झाले त्या दिवशी मी क्षमता मोजली. पूर्ण भरून, हीटरचा स्थिर भार लावून, १० टक्के उरेपर्यंत मीटरवर युनिटे मोजली. पहिल्या दिवशी ८.६ आली होती, या वेळी ८.४ आली, म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या आसपास घट. पहिल्या वर्षी घट थोडी जास्त आणि नंतर सावकाश होते, म्हणून माझ्या बाराच्या आकड्याला अजून हात लावलेला नाही. वहीत पुढच्या अकरा वर्षांसाठी रकाने आखून ठेवले आहेत. आज पहाटे पाच वाजता पडद्यावर ४७ टक्के होते आणि बाबांच्या खोलीतून यंत्राचा नेहमीचा आवाज येत होता.